विरुद्ध पक्षाने काढलेली दाढ

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तो मनातल्या मनात). तुझे गुडघे काय म्हणतात, भावोजींचा खोकला गेला का, आणि तू अजून रागावलेली आहेस का, हे आधी कळव. तुझे तीन फोन मी मुद्दाम टाळले नाहीत. तोंडच उघडत नव्हतं. आता सगळं सांगतो.

आमच्या वाचनालयाने रविवारी वाद ठेवला होता : विज्ञान आणि नीती देवाकडे बोट दाखवतात का? 'दाखवतात' म्हणणार होते कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर, आणि 'मुळीच नाही' म्हणणार होतो मी. वजनकाटे दुरुस्त करण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. जे पारड्यात ठेवता येत नाही ते मी मानत नाही, हे तुला ठाऊकच आहे (त्यावरून तू एकदा माझा कान पिरगाळला होतास). नऊ कागदांचं भाषण लिहून झालं आणि नेमकी मंगळवारी उजवीकडची खालची दाढ ठणकायला लागली. जवळपास दुसरा दातांचा डॉक्टर नाही. ज्या माणसाला रविवारी चारचौघांत आडवं करायचं, त्याच्यासमोर आपणच आडवं व्हायचं? मी हट्टाने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत बसलो. शनिवारी गाल इतका सुजला की चष्म्याची काडी कानावर बसेना, ताप चढला, पाण्याचा घोट उतरेना. तेव्हा तुझ्या भावजयीने मला न विचारता डॉक्टरांना फोन लावला.

त्या दिवशी दवाखाना बंद होता. डॉक्टर लेकीकडे जेवायला निघाले होते, ते अर्ध्या रस्त्यातून माघारी आले. त्यांनी मला खुर्चीत निजवलं, सुई टोचली, तोंडात आरसा, नळी आणि कापसाचे बोळे कोंबले, आणि मग (मला वाटतं, माझी भीती जावी म्हणून, तुझी भावजय म्हणते, संधी साधून) बोलायला लागले. म्हणाले, "तुमच्या काट्याची दांडी केसभर सरकली तर तुम्ही म्हणता, कुणीतरी हात लावलाय. मग हे एवढं जग इतकं नेमकं जुळलेलं बघून, कुणीतरी जुळवलंय असं का नाही म्हणत?" ताई, याला माझ्याकडे उत्तर होतं! चौथ्या कागदावर होतं! मी म्हणालो, "आँ." ते म्हणाले, "बरं, ते राहू द्या. कुणी बघत नसताना वाईट वागलं तरी आत टोचतं. ते टोचणं कुठून आलं?" मी पुन्हा "आँ" म्हणालो. "म्हणजे पटतंय," असं म्हणून त्यांनी दाढ उपटली. इतका एकतर्फी वाद मी तुझ्याशीसुद्धा कधी हरलो नव्हतो.

मग मात्र ते हसायचे थांबले. आणखी एक दिवस काढला असता तर सूज गळ्यात उतरून श्वास कोंडला असता, म्हणाले. मोठ्या इस्पितळात हलवावं लागलं तर आपण हवं, म्हणून संध्याकाळपर्यंत माझ्याशेजारी स्टुलावर बसून राहिले. लेकीकडचं जेवण हुकलं ते हुकलंच.

रविवारी मी गालाला पट्टी बांधून वाचनालयात गेलो. ग्रंथपाल बाई वाद रद्द करायला निघाल्या, तर डॉक्टर उठून म्हणाले, "त्यांची बाजू मी वाचतो." मी मनात म्हटलं, झालं! आता हा माणूस चांगली वाक्यं गाळणार, नाहीतर जांभया देत वाचणार! आणि ताई, त्यांनी ती स्वतःची असल्यासारखी वाचली. 'माझ्या दुकानात फक्त बिघडलेले काटे येतात. उलट, बिघडलेल्या जगात तक्रार घेऊन यायला माणूसच नसतो, म्हणून आपल्याला नेहमी जुळलेलंच जग दिसतं,' या वाक्यावर थांबून त्यांनी ते पुन्हा वाचलं, मागच्या बाकांना नीट ऐकू जावं म्हणून. एके ठिकाणी माझं अक्षर लागेना, तेव्हा "त्यांना असं म्हणायचं असावं" म्हणत त्यांनी माझ्यापेक्षा सरस मुद्दा घातला. दोन्ही बाजू त्यांच्याच तोंडून ऐकून शेवटी हात वर झाले : माझ्या बाजूने तेवीस, त्यांच्या बाजूने नऊ (त्या नवांत एक हात तुझ्या भावजयीचा). सगळ्यात जोरात टाळ्या डॉक्टरांनी वाजवल्या.

परतताना तुझी भावजय म्हणाली, "जिंकायला आलेला माणूस असा का वागला, ते लिहिलंय का कुठल्या कागदावर?" घरी येऊन नऊच्या नऊ कागद पालथे घातले. आईवडिलांनी लावलेलं वळण, माणसाला माणसावाचून चालत नाही, ही कारणं सातव्यावर आहेत, आणि ती मला अजूनही खरी वाटतात. पण शनिवारी त्या खुर्चीत मी घाबरून पडलो होतो आणि त्यांचा हात माझ्या कपाळावर होता, तेव्हा यातलं एकही कारण आठवलं नाही. नुसतं बरं वाटलं.

भावोजींना नमस्कार. प्रकृतीला जप.

तुझा,
(आता निम्मं तोंड उघडणारा) धाकटा भाऊ

ता. क. पुढच्या महिन्यात फेरवाद आहे. डॉक्टरांची अट, बाजू बदलायच्या. मला नाही म्हणता येईना (खरोखरच, तोंड उघडत नव्हतं), म्हणून मान हलली. तेव्हा देव आहे, असं मला बोलायचं आहे आणि कागद कोरा आहे. तू रोज सकाळी अर्धा तास डोळे मिटून त्याच्याशी बोलतेस, तर चार भक्कम मुद्दे उलट टपाली पाठव. 'मला तसं वाटतं' हा मुद्दा चालणार नाही.

आणखी एक ता. क. सकाळी त्याच्याशी बोलता बोलता विषय निघालाच, तर माझ्या वतीने आभार सांग. डॉक्टरांचे मी मानले; तरी बरेच उरलेत, आणि ते कुठे पोचवायचे कळत नाही. माझं नाव मात्र सांगू नकोस.