व्याप्तीबाहेर

मंगळवार, ४ मार्च

फोटो माझाच. संमेलनात फळ्यासमोर उभी, हातात मार्कर. खाली मास्तरांनी लिहिलंय — "हिचा कोड नाही, चेहरा पास होतो." अकरा जण हसलेत. मोजले.

ग्रुपचं नाव 'मागची खोली'. एका जुन्या सहकाऱ्याला राहवलं नाही, त्याने स्क्रीनशॉट पाठवला. ग्रंथालयांसाठीचं आमचं हे सॉफ्टवेअर — खुलं, फुकट, सगळे हौसेने लिहितात — त्यातले निम्मे जुने लोक त्या खोलीत आहेत! मला ती खोली आहे हेच माहीत नव्हतं.

मास्तर आमचा कोड तपासतात, म्हणून मास्तर. पुस्तक शोधण्याच्या भागावरचं माझं चार महिन्यांचं काम त्यांच्याच पुढ्यात पडलंय. त्यांनी हो म्हटल्याशिवाय ते आत जात नाही.

बुधवार, ५ मार्च

प्रकल्पाच्या आचारसंहिता समितीकडे तक्रार केली. मागणी एकच: माझं काम दुसऱ्या कुणी तपासावं.

संहिता मीच लिहिली होती, तीन वर्षांपूर्वी, समितीत असताना. आता समितीत ताई आहे. सख्खी नाही, पण इथे आले तेव्हा पहिली चूक दुरुस्त करायला तिनेच शिकवलं. फोनवर म्हणाली, "अगं, मी आहे ना."

शुक्रवार, ७ मार्च

आईने खोदून खोदून विचारलं. थोडक्यात सांगितलं. "पगार नाही, रजा नाही, आणि साहेब मात्र आहेत?" हसू आलं. फार वेळ टिकलं नाही.

सोमवार, १० मार्च

उत्तर आलं. "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल समितीला खेद आहे. मात्र सदर संभाषण प्रकल्पाच्या जागेत घडलेलं नसल्याने ते संहितेच्या व्याप्तीबाहेर आहे. आपल्या योगदानाची आम्हाला कदर आहे." तीन वाक्यं, एक शब्द जास्त नाही. खाली ताईचं नाव.

फोन केला. "नियमात बसत नाही गं. उद्या कोण घरी काय बोलतं तेही आम्हीच बघायचं का?"

प्रश्न चुकीचा नाही. घरातलं बघू नयेच. पण त्या खोलीत सगळे प्रकल्पामुळेच आहेत, आणि तिथे हसवणारा माणूस इथे माझं काम तपासतो. मधली भिंत मला तरी दिसत नाही.

विचारलं, "तू आहेस त्या ग्रुपात?"

"म्यूट केलाय. मी वाचत नाही."

स्क्रीनशॉट पुन्हा उघडला. हसणाऱ्यांत सातवी ती.

मंगळवार, ११ मार्च

मास्तरांचे शेरे आले. चौतीस! "घाई दिसते." "हे कुणाला विचारून?" त्यातले तीन बरोबर आहेत. ते तीन दुरुस्त केले.

बुधवार, १२ मार्च

माझ्या मूळ मसुद्यात एक वाक्य होतं — 'प्रकल्पामुळे एकत्र आलेली माणसं जिथे जिथे बोलतात, तिथे तिथे ही संहिता लागू.' आताच्या संहितेत नाही. कुणीतरी काढलंय. प्रत्येक बदलासोबत नाव, तारीख, कारण नोंदलेलं असतं. ताईच असणार. उद्या बघते. पुरावा हातात आला की बोलेन, आधी नाही.

गुरुवार, १३ मार्च

वाक्य मी काढलंय.

माझं नाव. कारण: 'संदिग्ध वाक्य छाटलं.' आता आठवतंय — ताई म्हणाली होती, "फार पसरट आहे गं." मला सुटसुटीत आवडतं. लगेच छाटलं. वर खूशही झाले होते!

मग तारीख बघितली. त्याच आठवड्यात अनुवाद करणाऱ्या एका मुलीने मास्तरांची तक्रार केली होती. ते तिला खाजगीत मेसेज पाठवायचे. उत्तर मी दिलं होतं.

शुक्रवार, १४ मार्च

पाठवलेल्या मेलमध्ये ते उत्तर सापडलं. तीच तीन वाक्यं. ताईने फक्त नाव बदललंय.

मुलीने त्यावर एक ओळ पाठवली होती. प्रकरण बंद म्हणून मी ती उघडलीच नव्हती. आज उघडली.

"मग मी कुणाकडे जाऊ?"