शिवाप्पाला लस लागू पडली

१२ जानेवारी
व्यसनमुक्ती केंद्रातून सोडायच्या आधी डॉक्टरांनी कावीळ ‘बी’ची लस टोचली. मला, आणि शेजारच्या खाटेवरच्या शिवाप्पाला. “दारूनं लिव्हर आधीच थकलंय. त्यात ही कावीळ झाली तर निभायचं नाही.” तीन डोस. आज, महिन्यानं, सहा महिन्यांनी. शि. मंद्रूपचा, बाजारात भाजी विकतो. “मास्तर, तारखेला हितंच भेटू की!”

१२ फेब्रुवारी
दुसरा डोस. शि.च्या तोंडाला वास. डॉक्टर रागावले नाहीत. टोचलं, वर पाठीवर हात ठेवला. महिनाभर थेंबही घेतला नाही मी. माझ्या पाठीवर नाही ठेवला.

१३ जुलै
काल तिसरा. शि.ला भवानी पेठेत घरी जेवायला आणलं. मधे दोनदा पुन्हा प्यायला, हसत हसत सांगत होता. संध्याही हसली. तो गेल्यावर म्हणाली, “मनानं किती मोकळा माणूस!”
माझ्या सहा महिन्यांबद्दल बायको असं कधी... जाऊ दे.

३० ऑगस्ट
लस लागू पडली का, त्याचा रक्ताचा रिपोर्ट. आकडा दहाच्या वर हवा. शि.चा कितीतरी वर. माझा जवळजवळ शून्य.
डॉ. म्हणाले, “बरीच वर्षं दारू घेतलेल्यांत होतं असं. तुमचा आता काही दोष नाही. पुन्हा तीन डोस देऊ, मोठे.”
पण पितो तो! मी नाही!
शि.नं पेढे आणले होते. माझं तोंड बघून पिशवीत परत ठेवले. वाटलं, होऊ दे ह्यालाच कावीळ. लिहितोय, कारण खरंच वाटलं.

२ सप्टेंबर
शाळेतून येताना दारूच्या दुकानावरून आलो. वाकडी वाट करून. थांबलो. घेतली नाही. संध्याला सांगितलं नाही.

६ सप्टेंबर
नव्यानं पहिला डोस. शि. न बोलावता आलेला, बाहेर बाकावर बसून.
“राग हाय व्हय माझ्यावर?”
“नाही.”
“हाय की. मलाबी हाय तुमचा.” हात पुढं केला. खूप थरथरत होता. “सकाळच्याला ह्यो असा. तुमचा बघा, दगडावानी. माझी लस घ्या आन् तुमचा हात मला द्या म्हनलं, तर देता का?”
मी हात खिशात घातला.
मग खाली बघत म्हणाला, “गावात ऱ्हायलो की पितो. पंधरा दिवस तुमच्याकडं ऱ्हाऊ का?”
संध्याला विचारतो म्हणालो.
ती लगेच हो म्हणेल. म्हणूनच अजून विचारलं नाही.