निर्भयतेचा आठवडा

सोमवार, ६ जानेवारी
बाई, तुम्ही कोणाला घाबरता? तिसरीला मूल्यशिक्षणात निर्भयता शिकवायला घेतली आणि पुढचे दोन दात पडलेल्या मुलीने लगेच हे विचारलं. तेवढ्यात व्हरांड्यात मोठ्या बाईंच्या चपला वाजल्या आणि माझा खडू पडला. टेबलाखाली शोधायला जरा वेळ लागला.

शुक्रवारी मोठ्या बाई माझा तास बघणार. पसंत पडला तर नोकरी कायम. नाहीतर नारळ.

मंगळवार, ७
आजपासून पक्कं! मोठ्या बाईंशी नजरेला नजर देऊन बोलायचं.

दुपारी : त्या जिन्यात समोरून आल्या. मी स्टोअररूममध्ये शिरले. नकाशा हवाच होता. वर्गात पुन्हा खडू पडला. हल्लीचे खडू फार गुळगुळीत येतात.

बुधवार, ८
बाबा शिलाई मशीनवरून न उठता म्हणाले, गिऱ्हाईक ओरडलं की मान खाली, यात माझा जन्म गेला. तू घरातली पहिली ग्रॅज्युएट, तू नाही घालायचीस. शुक्रवारसाठी कुर्ता शिवलाय. कॉलर एकदम ताठ. आई म्हणाली, भाषणं पुरे, पोरगी चार घासांत उठतेय. शुक्रवारपर्यंत हलकं खाल्लेलं बरं.

गुरुवार, ९
मुलांची प्रगती उत्तम. 'आम्ही कोणाला घाबरत नाही' तोंडपाठ. दातपडकी म्हणाली, बाई, आम्हाला आता सगळं तुमच्यासारखं येतं. भरून आलं. मुलं पुस्तकातून नाही, शिक्षकाकडे बघून घडतात, हे मी कॉलेजपासून सांगतेय.



शुक्रवार, १०
चपला वाजल्या. दार उघडलं. अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, खडू पडला! आणि बाकांखाली गेला.

मी कुठे होते, तेही लिहायला हवं. टेबलाखाली. दातपडकी पहिल्या बाकाखालून कुजबुजली, घाबरू नका बाई, जातात त्या थोड्या वेळाने.

गेल्या नाहीत. वाकून विचारलं, हे कोणी शिकवलं? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. अजिबात न घाबरता. म्हणजे तास वाया गेला असं म्हणता येणार नाही.

मोठ्या बाई म्हणाल्या, अजून एक वर्ष तात्पुरत्याच राहा, मग बघू. दारातून वळून म्हणाल्या, कॉलर मळली तुमची.

शाळा सुटल्यावर फळ्यावरची 'निर्भयता' पुसली आणि 'स्वच्छता' लिहून आले. बाकांखाली फार धूळ आहे.