सासूबाईंच्या खोलीतले उंदीर

४ फेब्रुवारी, मंगळवार

लेंड्या! सासूबाईंच्या कपाटात, शालीच्या घडीत. शालीचा काठही कुरतडलेला. सगळं पेपरात गुंडाळून कचऱ्यात टाकलं, हात धुतले, ऑफिसला गेले. दिवसभर फायलींवर शिक्के मारले.

परत येताना बसमध्ये लक्षात आलं — म्हणजे त्या खरं बोलत होत्या.

५ फेब्रुवारी

डिसेंबरात रोज सांगायच्या, "अगं, अंगावरून काहीतरी पळतंय." अंथरूण झटकलं की काही नाही. शेवटी हे चिडले, डॉक्टरांकडे घेऊन गेले. "ऐंशीनंतर होतात असे भास. शांत राहतील अशी गोळी देतो."

रोज संध्याकाळी एक. मीच देते. चार-पाच दिवसांत त्या बोलायच्याच थांबल्या. ताट पुढे ठेवलं की जेवतात, उठवलं की उठतात. घर शांत झालं. मलाही बरं वाटलं — इथे खोटं कशाला लिहू?

७ फेब्रुवारी

यांना सांगितलं. हे घरूनच काम करतात. लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाले, "मग पिंजरा आण." गोळीचं काय, विचारलं. "सुरळीत चाललंय ना? नसती उठाठेव नको."

पिंजरा आणला. पावाचा तुकडा अडकवला. मग सासूबाईंना गोळी दिली, पाणी दिलं. त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

८ फेब्रुवारी

एक सापडला. एवढासा! यांनी लांब नेऊन सोडला. काही वाटलं नाही. ना कीव, ना किळस.

११ फेब्रुवारी

पिंजरा रिकामा, पाव गायब! हुशार आहेत, निदान आमच्यापेक्षा. चिकट पुठ्ठे आणले, तर पहिल्यावर यांचाच पाय. नव्या मोज्यासकट! हसू यायला हवं होतं. मोजा कापून काढला.

१२ फेब्रुवारी

आज यांनी वृद्धाश्रमाचा विषय काढला. सासूबाईंच्या खोलीतच, पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून. मी डोळ्यांनी खुणावलं. "अगं, तिला काय कळतंय आता?" म्हणाले.

एक तारखेला तिथे जागा होतेय. दोन बायकांची खोली, खिडकीसकट. मी विचारलं, चादरी आपल्या न्यायच्या की तेच देतात? हे मी विचारलं. सासूबाई छताकडे बघत होत्या.

१४ फेब्रुवारी

गोळी बंद केली. यांना न सांगता. उंदीर खरे, तर गोळी कशाची? त्या पुन्हा बोलायला लागल्या तर यांना दाखवता येईल — बघा, कळतंय सगळं त्यांना. नाहीतर एक तारीख ठरलेलीच.

संध्याकाळी सासूबाईंनी सवयीने हात पुढे केला. मी नुसतं पाणी दिलं. हात बराच वेळ तसाच होता.

२० फेब्रुवारी

सहा दिवस झाले. एक शब्द नाही. कानाशी वाकून म्हटलं, "आई, उंदीर खरंच होते हो. चुकलं आमचं." काही नाही. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, एवढ्या दिवसांत औषध अंगातून निघून जायला हवं.

यांनी बॅग काढून ठेवलीय. मी त्यांच्या साड्यांच्या घड्या घातल्या. सहा ठेवल्या. मग आठ केल्या.

२१ फेब्रुवारी

उंदरांची वाट सापडली. सासूबाईंच्या उशाशी भिंतीत जुन्या टेलिफोनच्या वायरीचं भोक होतं, ते कुरतडून मोठं केलंय. त्या नेहमी तिथे उशी उभी करून ठेवतात, म्हणून दिसलंच नाही. उद्या गवंडी येईल.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सासूबाईंना खुर्चीत बसवून पलंग सरकवला. गवंड्याने भोकात तार घालून उकरलं. कागदाचे कपटे निघाले, शालीची लोकर निघाली. मग — "वहिनी, हे काय?" पांढऱ्या गोळ्या. मूठभर! सासूबाईंच्या.

एकही गिळली नव्हती. सगळ्या उंदरांच्या भोकात ढकलल्या होत्या.

म्हणजे इतके दिवस त्या पूर्ण शुद्धीत होत्या. वृद्धाश्रम, खिडकीची खोली, माझ्या चादरी — सगळं ऐकलं.

मागे वळायची हिंमत होईना. तेवढ्यात खुर्चीतून त्यांचा आवाज आला, अगदी स्वच्छ, गवंड्याला — "नीट भर हो, बाबा. आत काचा घाल. मी इथून कुठे जायची नाही."