काठीचं लग्न

अप्पा,

सगळं फिरलं ते परवा, कॉलेजच्या गेटासमोर. जिच्यासाठी मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून पॉवरलूमवर कामाला लागलो, जिच्या वडिलांशी जुळे सोलापूर भागात त्यांच्याच दारात उभा राहून भांडलो, ती शांतपणे म्हणाली, "साऱ्या गावाला सांगितलंस. मला विचारलंस का कधी?" आणि स्कूटी काढून निघून गेली.

काल सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत, काठीच्या लग्नाच्या अक्षतांना गेलो. तुम्ही गेल्यापासून, अकरा वर्षांत, पहिल्यांदाच. तळ्याकाठी पाय ठेवायला जागा नाही. पांढऱ्या बाराबंद्या, आणि त्यांच्या वर त्या सात काठ्या, हळद लावलेल्या, बाशिंग बांधलेल्या, चार माणसं एकावर एक उभी केली तरी टोकाला हात लागू नये एवढ्या उंच. मी बघतच राहिलो, आणि एकदम नऊ वर्षांचा झालो. तुमच्या खांद्यावर बसलोय, मुठीत तांदूळ. "अप्पा, लाकडाचं कुटं लगीन असतंय व्हय?" तुम्ही कुंभाराच्या पोरीची गोष्ट सांगताय. तिचा जीव सिद्धरामेश्वरांवर जडला. ते योगी, संसार कसा करणार? म्हणाले, माझ्या योगदंडाशी लग्न लाव. त्याच योगदंडाच्या या काठ्या. तुमच्या लूमवरचे चाचा शेजारी उभे. ते हसतात, "लकड़ीच है ना भाई, पर देखो, रोंगटे खड़े होते." तुम्ही म्हणता, "चाचा, मोहरमचा पंजा तरी धातूचाच की. पुढनं जाताना मी हात जोडतोच न्हवं?"

तेवढ्यात कुठंतरी आरोळी उठली आणि मी सगळे तांदूळ भिरकावून मोकळा झालो. तुम्ही माझा पाय कचकन दाबला. "आरं थांब की! आजून संमती वाचत्यात. नवरी व्हय म्हणाली का न्हाय, तेवढं तरी ऐक!" मग तुमच्या मुठीतले अर्धे मला दिलेत.

काल मी मूठ आवळून थांबलो. संमती वाचून झाली, "सत्यम सत्यम" झालं, हजारो हात वर गेले आणि क्षणभर डोक्यावरचं ऊनच दिसेना. अंगावर काटा आला, अप्पा. नवरा म्हणजे काठी, नवरी कुठं डोळ्यांना दिसत नाही, आणि तरी एवढं गाव तिच्या होकारासाठी उन्हात ताटकळतं. शेकडो वर्षं. मी एका जित्याजागत्या मुलीसाठी पाच मिनिटं थांबलो नव्हतो. त्या काठीत देव आहे का, मला अजून सांगता येत नाही. मान मात्र आपोआप खाली गेली.

आज तिला फोन केला. "साडेचारला ये," म्हणाली, "पण भांडायचं नाही." विचारणार आहे. नाही म्हणाली तर ऐकून परत येणार आहे. जमेल का, माहीत नाही.

एक सांगायचं राहिलं. सगळे म्हणतात, पोरगं तापट, त्याला दम निघत नाही. तसं नव्हतं, अप्पा. ती नाही म्हणेल या भीतीनं मी तिला सोडून सगळ्यांना विचारत फिरलो. हे कुणालाच बोललो नाही.

चार वाजून गेले. कागद तुमच्या फोटोमागं खोचतो, चपला घालतो, बाहेर पडून दार ओढून घेतो.