आठ वॅट, दोन कपाटे

सोमवार, दि. ६ एप्रिल २०२६, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. ईस्टरचा दुसरा दिवस. मी नदीकाठी शेजारीण निवेसबरोबर डबा खात बसले असताना माझा भाचा रुजेरो याने, झाडांना पाणी घालण्यासाठी दिलेल्या किल्लीने माझे घर उघडले आणि माझ्या दिवंगत पतीने बांधलेला ऍम्प्लिफायर उचलून नेला. वेळ नक्की सांगता येते, कारण त्याने मेन स्विच बंद केला आणि स्वयंपाकघरातले विजेचे घड्याळ तिथेच थांबले. मी ते मुद्दाम पुन्हा लावलेले नाही.

सबब मी, एद्विजे बोल्दरीनी, वय अठ्ठ्याहत्तर, टपाल खात्यातून निवृत्त, राहणार फेरारा, डोके ठिकाणावर असताना (राग आहे, पण रागाने डोके बिघडत नाही) हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

१. घर. हे रुजेरोला मिळावे, असे मी त्याच्या बाप्तिस्म्याच्या दिवशीच ठरवले होते. आता ते कलम चारवर अवलंबून आहे. बैठकीच्या खोलीचे दार लागत नाही. ते लावायचा प्रयत्न कोणीही करू नये. मी जिथे शिकले त्या कॉन्व्हेंटचे चित्रपटाचे सभागृह बंद झाले, तेव्हा पडद्यामागचे दोन स्पीकर सिस्टर ओत्तावियांनी आम्हाला दिले. "घेऊन जा बाळांनो, पण जिन्याला ओरखडा पडला तर देव बघतोय," असे म्हणाल्या. जिना वाचला. आमच्या दाराची चौकट गेली. माणसाच्या उंचीचे ते स्पीकर, त्यांना आम्ही कपाटे म्हणतो.

२. बचत. अंत्यविधीचा खर्च वजा जाता सर्व त्या कॉन्व्हेंटच्या गळक्या छपरासाठी.

३. हत्यारे. सोल्डरिंग आयर्न, तार गुंडाळायचे यंत्र आणि पक्कडी गावातल्या तांत्रिक शाळेला. माझे पती लेआर्को साखर कारखान्यात वीजतंत्री होते. दिवसभर मोठाल्या मोटारी सांभाळून घरी यायचे आणि केसासारखी तार एकेक वेढा मोजत गुंडाळायचे. इतका धीर मी कोणत्याही संताच्या चरित्रात वाचलेला नाही.

४. ऍम्प्लिफायर आणि कपाटे. हे कलम नीट वाचावे.

स्पीकर मोठा म्हणजे त्याला जोरही मोठा लागणार, असे सगळे समजतात. आम्हीही तसेच समजून आधी शंभर वॅटचा ऍम्प्लिफायर आणला होता. गाणे सुरू व्हायच्या आधीच पडद्यामागे कोणी कांदे परतत बसल्यासारखी चरचर. आणि गाणे लागले की नुसता आरडाओरडा. लेआर्को दोन दिवस कपाटांसमोर खुर्ची टाकून बसले. मग म्हणाले, "एद्विजे, ही शेवटच्या बाकापर्यंत कुजबुज पोचवायला बनवलीत. यांना ढकलणारा नको, बोट धरणारा हवा."

त्यांनी आठ वॅटचा बांधला. जुन्या रेडिओत दिव्यासारखे पेटायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह, आणि मागे तारा जोडायच्या तीन खुंट्या. कपाटे सोळा ओहमची, म्हणून तारा सोळा लिहिलेल्या खुंटीलाच जोडायच्या, दुसरीकडे नाही. मी इस्त्री करत होते. "हे आठ वॅट? एवढ्याने माझा मिक्सरसुद्धा फिरणार नाही," मी म्हणाले. त्यांनी तबकडीवर सुई टेकवली. गायिकेने सूर लावण्याआधी श्वास घेतला, तो मला ऐकू आला. आमच्या खोलीत, माझ्या खांद्याशी. इस्त्री जिथे होती तिथेच राहिली आणि त्यांचा रविवारचा शर्ट जळला. तो शर्ट वरच्या खणात आहे. मला पुरताना माझ्या हाताखाली ठेवावा.

रुजेरोने त्या जागी दोनशे वॅटचा नवा डबा ठेवला, वर लाल फीत बांधून. फोनवर म्हणतो, "आत्या, ईस्टरची भेट! एवढ्या मोठ्या स्पीकरना आठ वॅट म्हणजे हत्तीला चमच्याने भरवणं गं."

मी तो लावला. पाच मिनिटांत निवेस वर आली. ही बाई चाळीस वर्षे खालून छताला झाडू आपटते, पण त्या दिवशी रिकाम्या हाताने आली. "एद्विजे, बरी आहेस ना? तुझ्याकडे कोण एवढं ओरडतंय?"

दुसऱ्या दिवशी मी रुजेरोच्या खानावळीत गेले. ऍम्प्लिफायर दारूच्या बाटल्यांमध्ये, व्हॉल्व्ह पेटलेले, मागच्या खुंट्या उघड्या.

"याचे स्पीकर कुठे आहेत?"

"कशाला हवेत? गाणी छतातून येतात. हा शोभेला. लोक फोटो काढतात, आत्या!"

"आणि कोणा हौशी पाहुण्याने यात गाणं सोडलं तर? पुढे स्पीकर नसताना हा गायला लागला तर आतून जळेल."

"आठ वॅटमध्ये काय जळणार? तू पण ना! बस, भोपळ्याचे कापेल्लाची खा."

मी बटण बंद केले. त्याने पाहुण्यांदेखत हसत पुन्हा चालू केले. ते हसणे मी माफ केलेले नाही.

म्हणून असे ठरवते: ऍम्प्लिफायर आणि कपाटे एकच वस्तू धरावी. जो दोन्ही एकत्र ठेवील आणि आठवड्यातून एकदा वाजवील, त्याला घर. रुजेरोने नाही म्हटले तर हे सगळे निवेसला. तो माझा भाचा असला, तरी कायद्याने त्याला यात राखीव हिस्सा नाही. नोटरीला विचारले आहे.

५. झाडू. निवेसने आजवर छताला आपटलेले सर्व झाडू तिला माफ.

स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला इथे साक्षीदार लागत नाहीत. मी तरी घेतले. निवेसला लाभ होऊ शकतो, म्हणून तिला घेतले नाही.

साक्षीदार: फादर अल्विसे रावेन्ना, धर्मगुरू. फेदोरा मालागुती, बेकरीवाली.

(सही) एद्विजे बोल्दरीनी
फेरारा, सोमवार, दि. २० एप्रिल २०२६

प्रत रुजेरोस. कानाचे डॉक्टर म्हणतात, वरचे बारीक आवाज माझ्याकडून आधी जातील. म्हणजे तो श्वास आधी जाणार. मला तो जाण्यापूर्वी ऐकायचा आहे, म्हणून माझ्या मरणाची वाट पाहू नकोस. एकत्र ठेवणार की नाही, याचे तुझ्या हाताने लिहिलेले उत्तर गुरुवार, दि. ३० एप्रिल, दुपारी बारापर्यंत मला मिळाले पाहिजे. फोन चालणार नाही. हो असेल तर चिठ्ठी ऍम्प्लिफायरवर ठेवून दोन्ही घेऊन ये. जड आहे, जिन्यात सांभाळ. निवेसही ऐकायला येईल, कॉफी तिघांची टाकते.