घट्ट बसलेला स्क्रू

४ फेब्रुवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तू येऊन गेल्यापासून एक ओळ लिहिली नाही, माफ कर. लिहायला बसले की जे लिहायचं तेच टाळत होते.

चष्म्याचं दुकान बरं चाललंय. मालक दुसऱ्या गावी शाखा काढताहेत, तिथे मीच जावं म्हणतात. पगार बरा, राहायला खोली. तरी महिन्याची मुदत मागितलीय. इथे एक गोष्ट अजून व्हायची आहे असं वाटतं. झाली तर सांगेन.

मुलांना पापे. लोभ असाच राहू दे.

तुझी बबडी

११ फेब्रुवारी

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

मुदत कसली मागतेस? चपला घेतानासुद्धा तू दुकानदाराला रडकुंडीला आणायचीस. जा सरळ.

आणि त्या दुकानात ठेवलंय काय? मी आलो तेव्हा मला गल्ल्यावर बसवून तू केस रंगवायला गेलीस, तेव्हाची गंमत सांगायची राहिली. एक उंच गृहस्थ आले, चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय म्हणाले. बघतो तर स्क्रू घट्ट, वर तुझा नेलपॉलिशचा थेंब वाळलेला. म्हटलं, अहो, हा जन्मात हलायचा नाही. तर म्हणे, बाई नाहीत का? म्हटलं, नटायला गेल्यात, इतक्यात येत नाहीत. बसले बिचारे थोडा वेळ. बदली झाली होती, संध्याकाळच्या गाडीने कायमचे निघणार होते. मीच म्हटलं, उगाच खोळंबू नका. घरी येऊन हिला सांगितलं, तर ही पोट धरून हसली. रिकामटेकडी असतात माणसं एकेक.

होकार दे आणि कळव.

तुझा दादा

१६ फेब्रुवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं.

तू येण्याच्या आदल्या आठवड्यात मी शटर ओढत असताना ते उंच गृहस्थ पहिल्यांदा आले. उद्या या, म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. काडी बसवेपर्यंत बोलत होते. चष्म्याशिवाय तुमचा चेहरा धूसर दिसतोय, पण आवाज लक्षात राहील, म्हणाले. माझ्या आवाजाबद्दल आजवर कोणी काही बोललं नव्हतं. नेलपॉलिश लावताना हात थांबला. न लावता दिला तर स्क्रू ढिला होतो, माणूस परत येतो. पण जाणूनबुजून कच्चं काम करवेना. "ढिला झाला की येईन," म्हणाले. मी म्हणाले, "होणार नाही." किती तोऱ्यात म्हणाले. किरकोळ दुरुस्तीला आम्ही नाव विचारत नाही, मीही विचारलं नाही. मग रोज दाराकडे बघत बसले. केस कुणासाठी रंगवले असतील, दादा?

यात तुझा काय दोष, असं वर लिहिलं होतं, ते खोडलंय. तुला माहीत नव्हतं, हे मला पटतं. वहिनी पोट धरून हसली, ते मात्र गिळवत नाही. सगळं खापर स्वतःवर फोडून पाहिलं, तेही खरं वाटेना.

लोभ आहेच. थोडे दिवस पत्र मात्र टाकू नकोस.

बबडी

ता. क. उद्या मालकांना होकार कळवायचाय.